प्रतिपिंडे आढळलेल्या ससा क्रमांक नऊला घरी नेण्याबाबत

दिनांक : २४ मार्च

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
प्राणिगृह विभाग,
परजीवी संशोधन संस्था.

विषय : ससा क्रमांक नऊ यास ठार न करता अर्जदाराच्या घरी देण्याबाबत फेरविनंती.
संदर्भ : आपले दि. १८ मार्चचे दोन ओळींचे नकारपत्र.

महोदय,

१. सदर अर्जदार आपल्या प्राणिगृहात एकतीस वर्षे परिचर म्हणून कामास असून येत्या ३१ तारखेस निवृत्त होत आहे. पिंजरे धुणे, चारापाणी करणे आणि रक्त काढताना ससा धरून ठेवणे, ही त्याची कामे. संस्थेत सर्वजण त्याला मामा म्हणतात. प्रत्यक्षात त्याला बहीण नाही, त्यामुळे भाचाही नाही, आणि पत्नी गेल्यापासून घरी हाक मारणारे कोणी उरलेले नाही. ही बाब केवळ माहितीसाठी नमूद केली आहे.

२. कृमींच्या प्रयोगात बारा ससे होते. एक ते सहा यांना कृमींच्या अळ्या पाजण्यात आल्या व सात ते बारा तुलनेसाठी निरोगी ठेवले. दर पंधरवड्यास रक्त काढून त्यात प्रतिपिंडे, म्हणजे कृमींशी लढायला शरीराने तयार केलेला ऐवज, किती आहेत ते मोजायचे. प्रयोग संपल्यावर निरोगी ससे मागेल त्या कर्मचाऱ्यास घरी द्यायचे व बाकीचे ठार करायचे, अशी वहिवाट आहे. अर्जदाराने पहिल्याच आठवड्यात क्रमांक नऊ मागून ठेवला होता. आजवर त्याने कधी काही मागितलेले नाही.

३. पाचव्या तपासणीत नऊच्या रक्तात प्रतिपिंडे निघाली. जो किडा पोटात गेलाच नाही त्याची रक्ताला ओळख कुठून, या प्रश्नाने प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरबाईंची झोप उडाली. त्यांनी रसायने बदलली, यंत्र तपासले आणि अखेर प्रयोगशाळेतील ताईंना नळ्यांची अदलाबदल केल्याबद्दल नोटीस निघाली. ताई त्या दुपारी डबा न उघडता बसून होत्या. अर्जदार शेजारीच फरशी पुसत होता, पण त्याने तोंडातून ब्र काढला नाही. याची त्याला आजही लाज वाटते.

४. खरा प्रकार असा, की नियमाप्रमाणे प्रत्येक ससा एकटा ठेवायचा असतो. नऊने दुसऱ्या आठवड्यापासून खाणे टाकले व स्वतःच्या छातीचे केस उपटायला सुरुवात केली. अर्जदाराने हे नोंदवहीत तीनदा लिहिले, परंतु ती वही अर्जदारच लिहितो आणि अर्जदारच वाचतो. रविवारी प्राणिगृहात त्याच्याशिवाय कोणी फिरकत नाही. म्हणून सलग सात रविवार त्याने नऊला क्रमांक चारच्या पिंजऱ्यात सोडले. दोघे एकाच वेताची पिल्ले, त्यामुळे भांडण नव्हते. ते एकमेकांना चिकटून बसत, नऊ गवत खाई, आणि अर्जदारही समोर स्टुलावर बसून आपला डबा खाई. ते रविवार फार चांगले गेले. मात्र रविवारी पिंजरे धुतले जात नाहीत, आणि चारच्या लेंड्यांतून कृमी नऊच्या पोटात गेले. एकतीस वर्षे परजीवींच्या सहवासात काढलेल्या माणसाला हे कळत नव्हते असे म्हणता येणार नाही.

५. तथापि नऊच्या लेंड्यांच्या तिन्ही तपासण्यांत आता कृमींचे एकही अंडे सापडलेले नाही. डॉक्टरबाई नव्या विद्यार्थ्यांना सांगतात, "चोर पळून गेला तरी चौकीत त्याचं वर्णन राहतंच ना? तशी ही प्रतिपिंडं." असे असता वर्णनावरून नऊला ठार करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

६. आपल्या नकारपत्रात नियम दिला आहे, की प्रतिपिंडे आढळलेला कोणताही जीव आवाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. या संदर्भात नम्रपणे कळवितो, की वार्षिक रक्ततपासणीत अर्जदाराच्या अंगातही हीच प्रतिपिंडे गेली अकरा वर्षे निघत आहेत. तरीही फाटकावरचा पहारेकरी त्याला दररोज साडेपाचला बाहेर सोडतो. नियम सर्वांना सारखा असल्यास ३१ तारखेनंतर अर्जदारासही आतच ठेवून घ्यावे. चाऱ्याच्या कोठीत एका माणसाची पथारी सहज मावते. हे चेष्टेने लिहिलेले नाही.

७. सबब विनंती, की ताईंची नोटीस मागे घेऊन काय ती कारवाई अर्जदारावर करावी, व नऊला त्याच्या हवाली करावे. दुसरी खोली रिकामीच आहे आणि घरात दिवसभर अर्जदार असेल.

८. हेही शक्य नसल्यास एवढेच करावे. नऊला ठार करण्याची तारीख २ एप्रिल लागली आहे व तेव्हा अर्जदार नोकरीत नसेल. त्या सकाळी त्याला अभ्यागत म्हणून आत घ्यावे. परक्या हाताने धरले की नऊ किंचाळतो. अर्जदाराने मांडीवर घेऊन कानामागे बोट फिरवले तर तो सुईलाही हलत नाही.

३१ मार्चपर्यंत आपला नम्र सेवक,

(सही)
परिचर, प्राणिगृह
हजेरी क्र. ११२

सोबत :
(१) लेंड्यांच्या तपासणीचे तीन अहवाल
(२) अर्जदाराच्या रक्ततपासणीची प्रत
(३) अभ्यागत पासासाठी अर्जदाराचे एक छायाचित्र