वर जाणाऱ्या खुर्च्या

१९ मार्च

प्रिय उंच बाई,

मुलांनी तुला ठेवलेलं नाव इथे अजून चालतं, म्हणून तेच लिहिते. इतके महिने पत्र नाही, फोन नाही, याबद्दल रागावू नकोस. तू वरच्या कार्यालयात गेल्यावर तुला काय सांगावं आणि काय नाही, हे मला नीट ठरवता येईना. मैत्रिणीला लिहितेय की साहेबांना, अशी शंका आली की पहिली ओळच पुढे सरकत नाही. तुला माझा स्वभाव माहीत आहे. साधी चिठ्ठी लिहायची तरी मी आधी स्वतःची उलटतपासणी घेते.

हे जिन्याखालच्या आपल्या खोलीत बसून लिहितेय. शाळा नुकतीच सुटली आहे. मुलांच्या खुर्चीत बसल्यामुळे गुडघे हनुवटीला लागतायत. तू या खुर्चीत कशी बसायचीस हे कोडं मला आजही सुटलेलं नाही. भिंतीवरची अक्षरं तू लावलीस तशीच आहेत, फक्त ‘ढ’ खाली पडला होता. तो शिपाईमामांनी उलटा चिकटवला आणि मुलांनी तो तसाच राहू द्या म्हणून हट्ट धरला.

वाचता न येणाऱ्या मुलांची ही खोली उद्यापासून बंद होतेय. हे तुला आधीच कळलं असेल.

तरी काय झालं ते माझ्या बाजूने सांगते. गेल्या महिन्यात कार्यालयातून एक तरुण साहेब आले होते. चांगला मुलगा आहे, चहा घेतल्यावर कप स्वतः विसळून ठेवला. त्याने भिंतीवर वाचनाच्या गुणांचा आलेख दाखवला. वरच्या वर्गांची रेषा हळूहळू चढत होती आणि आपल्या खोलीची सपाट, पहिल्या वर्षापासून जिथल्या तिथे. म्हणाला, “बाई, ही रेषा झोपलीये.” मी म्हटलं, “झोपलेली नाही, साहेब. वाचायला लागलेलं मूल आम्ही वर पाठवतो. ते गेलं की त्याचे गुणही त्याच्याबरोबर जातात. त्याच्या जागी न वाचणारं दुसरं येतं.” त्याने मान डोलावली. मला वाटलं, समजलं. मग म्हणाला, “म्हणजे या गटाची सरासरी वाढत नाही, हे तुम्हालाही मान्य आहे.” घरी येऊन भांडी घासताना मला तीन चांगली उत्तरं सुचली, पण तेव्हा ऐकायला फक्त नळ होता.

आपले मोठे सर बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. बाहेर व्हरांड्यात मात्र म्हणाले, “दवाखान्यात कधीही गेलं तरी आजारीच माणसं दिसतात. म्हणून काय डॉक्टरला घरी बसवायचं?” मी विचारलं, “सर, हे आत का नाही बोललात?” तर चष्मा पुसत म्हणाले, “माझं हे शेवटचं वर्ष आहे, बाई.” मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर बोलले असते का, हे मी स्वतःला दोनतीनदा विचारलं. उत्तर आवडलं नाही.

तुला आपले सोमवार आठवतात का? शुक्रवारी एकेका मुलाला शेजारी बसवून उतारा वाचून घ्यायचा, आणि सोमवारी तू, मी आणि चौथीच्या बाई चहा घेत ते कागद समोर पसरायचो. किती गुण पडले ते तू आधी बघूच द्यायची नाहीस. चूक कुठली झाली ते बघा, म्हणायचीस. एखादा मात्रा गाळतो, एखादी मुलगी ओळ संपली की पुन्हा त्याच ओळीवर येते, एखाद्याला नीट दिसतच नाही. चूक कळली की त्या आठवड्यात काय शिकवायचं ते आपोआप ठरायचं. आणि मूल अख्खं पान न अडखळता वाचायला लागलं की त्याने आपली खुर्ची स्वतः उचलून वरच्या वर्गात न्यायची, ही पद्धत तू काढलीस. जिन्यावरचे सगळे बाजूला व्हायचे, अगदी मोठे सरसुद्धा. कुणी टाळ्या वाजवल्या तर तू डोळे वटारायचीस. लग्नाची वरात नाही, म्हणायचीस.

त्या खुर्च्या वर जात राहिल्या म्हणून ही रेषा सपाट राहिली. यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

पण मी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं आहे, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. काही मुलं खरोखरच खाली राहिली. आता भिंगरी आहे. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव. ती पहिलं अक्षर बघते, चित्र बघते आणि पुढचं मनाने रचते. इतकं सुरेख रचते की पुस्तकातली गोष्ट तिच्यापुढे फिकी वाटते. वाचलेलं मात्र त्यात काही नसतं. सगळं वर्ष गेलं. आत्ता कुठे या पंधरवड्यात ती शब्दाच्या शेवटापर्यंत बोट न्यायला लागली आहे. परवा एक अख्खी ओळ वाचली आणि माझ्याकडे संशयाने बघून म्हणाली, “बाई, एवढंच लिहिलंय? मला वाटलं अजून काहीतरी असेल.” ही एक ओळ कुठल्या रकान्यात भरायची, सांग. वरच्या वर्गात चाळीस मुलांत तिच्या बोटाकडे कोण बघणार? ती पुन्हा गोष्टी रचेल, सगळे हसतील, आणि पुढे कधीतरी ती रचणंही सोडून देईल. हे मला फळ्यावर लिहिल्यासारखं स्पष्ट दिसतंय.

आदेशात लिहिलं आहे की खोलीतलं सामान वरच्या वर्गांत हलवावं. शिपाईमामांनी दुपारी ते मुलांसमोरच वाचलं. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष! मुलांनी एकच गलका केला. उद्या सगळ्यांच्याच खुर्च्या वर जाणार, म्हणजे सगळेच वाचायला शिकले, असा त्यांनी अर्थ लावला. भिंगरी शाळा सुटल्यावर फाटकापर्यंत पळत गेली आणि तिने आईला ओरडून सांगितलं. आई माझ्याकडे आली, माझे हात धरले, म्हणाली, “बाई, मला तर वाटलं होतं, हिचं काही खरं नाही.” मी हसले.

आदेशाखालची तुझी सही मी ओळखली. मोठ्या सरांनीही ओळखली असणार, कारण त्यांनी कागद माझ्याकडे देताना घडी घालून दिला. तू तिथे भांडलीस आणि हरलीस, की तुलाही ती रेषा झोपलेलीच दिसली, हे मी विचारणार नाही. आदेश फिरव असंही म्हणत नाही, तो फिरायचा नाही. हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं की उद्या जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंगरी मला विचारणार, “बाई, मला आता वाचता येतं ना?” खुर्ची नेण्याची पद्धत तू पाडलीस, तेव्हा याचं उत्तर तुझ्याकडून यावं असं वाटत होतं. पत्र तुला मिळेपर्यंत मी काहीतरी बोलून बसलेली असेन. काय बोलले, ते तुला कळवणार नाही.

तुझीच,
शेजारच्या वर्गातली

रोजनिशीत उद्याचं काम लिहायची सवय इथेही सुटत नाही. उद्या: भिंगरीची खुर्ची मामांना उचलू द्यायची नाही, तिची तिलाच नेऊ द्यायची.