वीस किलो कुठे गेले

३ मे
धाकटीचा फोन. केमिकल इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, कॉलेज उघडायला दोन महिने — आणि आता म्हणते, "दादा, मला नाही झेपायचं. मी जातच नाही." सातवीत शाळा सोडताना मी हेच म्हणालो होतो. म्हटलं, कळत नाही ते मला विचार, मी रोज कारखान्यातच असतो की.
बोलून तर बसलो.

५ मे
पहिला प्रश्न: ड्रायरमध्ये शंभर किलो ओला माल घातला, त्यात वीस टक्के पाणी. पार सुकल्यावर किती निघेल? चार वर्षं ड्रायरवरच उभा आहे, असा विचार कधी केला नाही. उद्या मोजूनच बघतो.

६ मे
मोजलं. शंभर आत, एकशे चार बाहेर. दोनदा मोजलं, तेच. तिला सांगितलं तर म्हणते, "सुकवून माल वाढतो? तुमच्या मालकाला कळलं तर दहा ड्रायर घेईल."

७ मे
लॅबवाल्या ताईंनी एका वाक्यात निकाल लावला — "आत घालताना गोण्या मोजल्यास आणि बाहेर ट्रॉलीसकट मोजलंस, शहाण्या." ट्रॉली चोवीस किलोची! म्हणजे माल ऐंशी. वीस किलो पाणी वाफ होऊन गेलं. ताईंनी कागदावर चौकट काढली, एक बाण आत, दोन बाहेर. आत गेलं तेवढं बाहेर यायलाच हवं. इतकं सोपं होतं तर शाळेत कुणी — जाऊ दे.

१२ मे
रोज एक चौकट. जेवणाच्या सुट्टीत ताई शेजारी बसवतात. "बहिणीसाठीच ना रे?" हो म्हणतो.

२० मे
मोल कळला. डझनासारखंच, पण अणू-रेणू मोजायचं माप, फक्त आकडा अफाट. तिला समजावलं. म्हणाली, "दादा, तू सांगितलंस की डोक्यात शिरतं. भीती आहेच अजून. पुढचं उद्या?" शीळ घालत ड्युटीवर गेलो.

३१ मे
आईचा फोन. बोलता बोलता सांगून गेली — धाकटी घाबरलेली वगैरे काही नाही. हे सगळं तिला दोन वर्षांपूर्वीच येत होतं, शेजारच्या पोरींना शिकवते. "तू पुस्तक उघडावंस म्हणून नाटक चाललंय तिचं. मी सांगितलं म्हणू नकोस हो."
नाही म्हणणार.
संध्याकाळी मीच तिला फोन लावला. म्हटलं, "काय गं, आज कुठे गाडी अडली?"