आडव्या बाटलीची पुतळाबाई

प्रिय आये,

फोनवर तू फक्त "जेवलास का" विचारतेस, मी "हो" म्हणतो, मग दोघंही कोलंबीच्या भावावर बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय. बारावीनंतर, म्हणजे बारावी न झाल्यानंतर, एवढं मोठं पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि पूर्वीला वाचायला देऊ नकोस, तुझी लेक प्रत्येक ओळीला नाटक करते. तूच वाच, सावकाश, बा जाळी घेऊन गेला की.

आमच्या गाळ्यामागच्या चाळीतल्या बायका सह्या गोळा करतायत, हे तुला माहीतच आहे. सह्या पुरेशा भरल्या आणि खऱ्या निघाल्या तर मतदान लागेल, आणि मतदानात आडवी बाटली जिंकली तर आमचं दुकान बंद. माझं काम गेलं. तू म्हणशील, तुझी कामं काय, येतात आणि जातात. खरं आहे. बाच्या बोटीवर दोन महिने, मालवणात पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्यांकडे एक सीझन, मनालीत एका कॅफेत भांडी, पुण्यात कुरिअर. कुठूनही निघताना मागे वळून बघितलं नाही. पण इथे मला दोन वर्षं सात महिने झालेत, आये. आपल्या घरातसुद्धा मी सलग एवढा टिकलेलो नाही.

मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा तुला "फॅक्टरीत लागलो" सांगितलं होतं. तू माझा शर्ट धुवायला घेतलास, नाकाला लावलास आणि म्हणालीस, "भाकरीचा वास येतोय, पण ही भाकरी नाही." चाळीस वर्षं मासळीचे कान उघडून ताजी-शिळी ओळखणाऱ्या बाईपुढे मी कुठे पुरणार! मग सांगितलं, बीअर बनवतो. तू शर्ट बादलीत टाकलास आणि पाठ फिरवलीस. मी आपलं आजीचं उदाहरण काढलं, की ती पोळ्यांचं पीठ फुगायला त्यात माडी घालायची. तू पाठमोरीच म्हणालीस, "पिठात घालणं वेगळं, नरड्यात ओतणं वेगळं." तेव्हापासून तो विषय बंद, तो बंदच.

आज तोच उघडतो. आमचा गाळा मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत आहे, नंबर नऊ. आधी तिथे स्क्रू बनायचे. आता मागच्या भागात चार टाक्या आहेत आणि पुढे बारा टेबलं. मालक निमेश, घाटकोपरचा, माझ्याच वयाचा. शिकवलं मला रुचिराने, ती आता बंगळुरूला गेली. तिने पहिल्या दिवशी माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाली, "लहू, बीअर यीस्ट बनवतं. आपण फक्त भांडी घासतो." मनालीतही तेच करत होतो, म्हटलं, चला, प्रगती आहे. पण खरंच तसंच असतं. जव गरम पाण्यात घालायचं, तासभर एकाच तापमानावर धरायचं. गोड पाणी वेगळं करायचं, उकळायचं, त्यात कडूपणासाठी हॉप्स नावाची फुलं टाकायची. गार करायचं, यीस्ट घालायचं आणि मग दोन-तीन आठवडे काही करायचं नाही. नुसतं रोज सकाळी थोडं काढून बघायचं. मला, आये! मला, ज्याला तू वाळत घातलेले बोंबील राखायला बसवलंस की मी पतंगामागे जायचो आणि कावळे जेवून जायचे. पण टाकीत काहीतरी जिवंत ठेवलंय म्हटल्यावर निघून जाता येत नाही. मी प्रयत्न केला होता. पहिल्या पावसाळ्यात बॅग भरली होती, स्पितीला जायचं म्हणून. मग वाटलं, कोकमवाली टाकी चौथ्या दिवसावर आहे, ती उतरेपर्यंत थांबू. ती उतरली तोवर गव्हाची भरलेली होती.

आणि लोक. एक श्यामसुंदर काका येतात, बँकेतून रिटायर झालेले, दर बुधवारी पाच वाजता. एकच ग्लास घेतात, तो सात वाजेपर्यंत पुरवतात, आणि जाताना मला सांगतात की या वेळची मागच्या वेळेपेक्षा जरा उतावळी आहे. उतावळी! मी वहीत बघतो तर खरंच ती दोन दिवस आधी काढलेली असते. असा माणूस पीत बसलेला बघून मला जे वाटतं ते सांगितलं तर तुला आवडणार नाही, पण सांगतो. एखादं गिऱ्हाईक तुझ्या पाटीतला पापलेट उचलून "पुतळाबाई, आजचा काय आहे!" म्हणतं, तेव्हा तुझ्या तोंडावर जे येतं ना, ते.

पण शनिवार वेगळा असतो. शनिवारी ऑफिसांतली पोरं टोळीने येतात. आत जागा नसली की सिगरेटी घेऊन दारात उभी राहतात, आणि आमचं दार नेमकं चाळीच्या बोळाच्या तोंडावर आहे. चाळीत कुंदाताई राहतात, पोळीभाजी केंद्र चालवतात. त्यांची मुलगी गंधाली संध्याकाळी क्लासवरून त्याच बोळातून येते. जूनमध्ये तिला कोणीतरी काहीतरी बोललं. कुंदाताई पिठाच्या हातांनी तशाच आल्या. निमेशने "सॉरी ताई, सॉरी ताई" केलं आणि दुसऱ्या दिवशी पाटी लावली, 'कृपया शांतता राखा'. झालं. मी तेव्हा मागे टाकीपाशी होतो. सगळं ऐकत होतो. मनात म्हटलं, दाराचं काम आपलं नाही, आपण टाकीवाले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगतोय.

मग दिवाळीला मी शहाणपणा केला. जवातून गोड पाणी काढून घेतलं की खाली चोथा उरतो. त्यात दारूचा थेंबही नसतो, दारू त्याच्या पुढची गोष्ट. आमचा चोथा गोरेगावच्या तबेल्यात जातो, म्हशी तुटून पडतात. मी त्यातला थोडा वाळवला, दळला, तांदळाच्या पिठात मिसळून चकल्या केल्या. तुझ्याच हातच्या मापाने, ओवा जास्त. काय झकास झाल्या होत्या! पिशव्या भरल्या आणि चाळीत घरोघर वाटल्या. पोरांनी फस्त केल्या, कुंदाताईंनी "पीठ कुठलं रे?" असंही विचारलं. तिथे गप्प बसलो असतो तर मी लहू कसला? सगळं सांगितलं, जव, टाकी, चोथा, सगळं कौतुकाने. अर्ध्या तासात कुंदाताई उरलेली पिशवी घेऊन आल्या, काउंटरवर पालथी केली आणि म्हणाल्या, "आमच्या पोरांना आतापासून चकण्याची सवय लावताय होय रे?" मी सांगत होतो, ताई, यात काही नसतं, म्हशी खातात. त्यावर मागून एक म्हातारी ओरडली, "म्हणजे आम्ही म्हशी?" वाट लागली. त्याच संध्याकाळी सह्यांचा पहिला कागद फिरला. त्यात चकलीचा दोष नव्हता, गं. जूनचं सगळं आत साठलेलं होतं, चकलीने नुसतं झाकण उडवलं.

आणि त्याच काउंटरपुढे उभ्या राहून कुंदाताई निमेशला म्हणाल्या, "आडवी बाटली कशी करायची ते आम्हाला येत नसेल, पण येणारीला आम्ही बोलावू. मनोरीची पुतळाबाई माहितीये? तिने एकटीने बार उठवलाय." 

आये, मी तिथे होतो. हातात फडकं होतं. मी काउंटर पुसत राहिलो.

मला सगळं आठवत होतं. जेटीच्या वाटेवरचा तो देशी बार. मालाडच्या बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन बायका उतरायच्या आणि त्यांचे नवरे तिथल्या बाकावर वाट बघत बसलेले असायचे, बायकोची नाही, तिच्या कमरेच्या पिशवीची. शेवंतीमावशीचा नवरा कुंडलिक तिथूनच पिऊन बोटीवर चढला आणि खाडीत पडला, तिसऱ्या दिवशी सापडला. आपला बा तर सुपारीसुद्धा खात नाही, तुला स्वतःला त्या बारची झळ नव्हती. तरी तू शेवंतीमावशीच्या ओट्यावरून उठलीस ती सरळ घरोघर गेलीस. मतपत्रिकेवर दोन चित्रं असणार, उभी बाटली म्हणजे दुकान राहणार, आडवी म्हणजे बंद, हे म्हाताऱ्यांना समजावायला तू खरी बाटली घेऊन फिरायचीस आणि प्रत्येकीच्या दारात ती आडवी करायचीस. मी नऊ वर्षांचा होतो, कोळशाने गावातल्या भिंतींवर आडव्या बाटल्या काढत सुटलो होतो. बारवाल्याने बाच्या बोटीचा दोर कापला तेव्हा बा म्हणाला, "पुतळे, पुरे आता." तू म्हणालीस, "दोर नवा येईल." मी तेव्हा तुझ्या मागे उभा होतो. माणूस कसा उभा राहतो हे मी तेव्हा बघितलं. नंतर विसरलो, ते वेगळं.

निमेशला मी दोन दिवसांनी सांगितलं, ती माझी आई. त्याच्या तोंडावर दिवाळीच आली. "अरे यार, मग टेन्शन कसलं? आईला सांग ना, चार शब्द आपल्या बाजूने बोल. नाहीतर नुसतं नको येऊ म्हणावं." मी म्हटलं, तू तिला ओळखत नाहीस. ती कोणाच्या सांगण्यावरून थांबणाऱ्यांतली नाही.

आणि मग परवा पूर्वीचा फोन आला. म्हणाली, कुंदाताई आणि दोघीजणी फेरीबोटीने मनोरीला आल्या होत्या, ओटीवर बसल्या, चहा घेतला. तू सगळं ऐकून घेतलंस. दुकानाचं नाव ऐकल्यावर कपबश्या उचलल्यास. आणि म्हणालीस, "माझे गुडघे दुखतात, बोटीत चढवत नाही." जी बाई रोज पहाटे डोक्यावर पाटी घेऊन त्याच बोटीत चढते! पूर्वी हसत होती. मला हसू आलं नाही.

काल कुंदाताईंच्या केंद्रावर पोळ्या घ्यायला गेलो. हो, अजून देतात मला, भांडण वेगळं आणि गिऱ्हाईक वेगळं. आत बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "पुतळाबाई विकली गेली म्हणायची." दुसरी म्हणाली, "दारूवाल्यांनी कुठे कुठे पोहोचवलं असेल, कोणाला माहीत." मी पोळ्या तिथेच ठेवल्या आणि आत गेलो. म्हटलं, ती माझी आई आहे. तिला कोणी काही दिलेलं नाही. ती फक्त माझ्यासाठी थांबलीय, आणि ते चूक आहे. तुमची सभा रविवारी चारला आहे ना? ती येईल. कुंदाताईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि आली तर तुझं काय होईल?" मी म्हटलं, ते माझं मी बघीन.

म्हणून हे पत्र. तू आयुष्यात एकदाच खोटं बोललीस आणि ते माझ्यापायी बोललीस, हे मला घेऊन चालता येणार नाही. रविवारी ये. शेवंतीमावशीसाठी जे बोललीस तेच तिथे बोल, गंधालीसाठी. माझ्यासाठी एक शब्दही कमी करू नकोस. तुझं झालं की मी उठणार आहे आणि माझं बोलणार आहे. देशी ज्यातून गाळतात ती उसाची मळी आणि आमचं जव यांतला फरक सांगणार आहे, श्यामसुंदर काकांबद्दल सांगणार आहे, आणि जूनमध्ये मी टाकीमागे उभा राहून ऐकत होतो तेही सगळ्यांसमोर सांगणार आहे. दार बोळातून काढून मेन रोडच्या बाजूला फिरवल्याशिवाय मी पुढची टाकी भरणार नाही, असं निमेशला सांगून टाकलंय. तो अजून हो म्हणालेला नाही. टाकी रिकामी आहे. मतं आडव्या बाटलीला पडली तर पडली. मी दुसरीकडे गाळा शोधीन, पण हे काम सोडणार नाही आणि या वेळी बॅग भरून पळणारही नाही. मार्व्याच्या जेटीवर तुला घ्यायला मी येणार नाही, वाट बघू नकोस. कुंदाताईंच्या बायका येतील. त्यांच्यात बसून ये, त्यांच्याच बाजूला बस. मी समोर असेन.

तुझाच,
लहू