वस्तीवरच्या अंगणवाडीचा दर्जा

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. वही सोमेश्वरची. नातवाने पहिल्या पानावर एक इंग्रजी ए काढून सोडून दिली होती. उरलेली पानं सत्कार्याला लागतील.
काल ग्रामसभेत वस्तीवरच्या अंगणवाडीच्या देखरेख समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणीही हात वर केला नाही, यावरून लोकांचा विश्वास दिसतो. मीही केला नव्हता. शेजारी बसलेल्या भुजंगने माझा धरून वर केला.
विषय गंभीर आहे. १ डिसेंबरला तालुक्याच्या मॅडम येणार. पटावर वीस लेकरं नसतील आणि दर्जा बरा नसेल तर आमची अंगणवाडी गावातल्या अंगणवाडीत मिळवणार. गाव दीड किलोमीटर, मध्ये ओढा. आईबाप दिवसभर मेंढरामागे. चार वर्षांचं लेकरू ओढ्यापलीकडे कोण नेणार? घरीच राहतील. शिकणंही गेलं, दुपारची खिचडीही गेली.
नागनाथाला स्मरून संकल्प: महिन्याभरात अंगणवाडी अशी करीन की इंग्रजी शाळेने तोंडात बोट घालावं. रोज साडेपाचला उठणे.
सोमेश्वर बाळापूरच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनने वेळेवर गेला. टाय छान दिसतो. नातवाचा विषय वेगळा आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आठला उठलो. थंडी.
पहिली पाहणी. सेविका शिवकन्या. वस्तीचीच सून, बारावी झालेली, कामाची. पण लेकरं ताटं घेऊन तूर, मूग, ज्वारी निवडत बसलेली! मी म्हणालो, हे तर आमच्या घरी सुपात होतं, याला शिक्षण काय म्हणायचं? ती म्हणाली, "काका, आधी येगळं वळखू आलं म्हणजे मग मोजता येतं." मी बराबर आहे म्हणालो आणि वहीत लिहिलं: शिस्त नाही. नुसता खेळ.
आमच्या गुरुजींची छडी आठवली. त्यांच्यामुळे सव्वीसचा पाढा मला आजही पाठ आहे. आत्ता म्हणून पाहिला. सव्वीस चोकपर्यंत येतो. पुढे थंडीमुळे अडला.

८ नोव्हेंबर, शनिवार
आज परीक्षा घेतली. अंजली, संतराम धनगराची पोरगी, पाच वर्षांची. म्हणालो, एकपासून दहापर्यंत म्हण. नुसती पाहत राहिली. चारदा विचारलं. तेवढ्यात रस्त्याने तिच्या बापाची मेंढरं चालली. दारातून बघत ती म्हणाली, "काळ्या कानाची मागं राह्यली." शिवकन्याने पळत जाऊन संतरामला सांगितलं. मेंढी खरंच ओढ्यात अडकली होती. सत्तरएक मेंढरांत एक. पण ते वेगळं. दहा म्हणता आलं नाही ते नाहीच.
शेरा: बुद्धी मंद.
घरी येऊन सोमेश्वरला विचारलं. वनपासून ट्वेंटीपर्यंत घडाघडा. माझे डोळे भरून आले. मग टोपलीत भाकरी किती ते विचारलं. पुन्हा वनपासून ट्वेंटीपर्यंत म्हणाला. भाकरी दोन होत्या. पोराला उत्साह फार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
वातावरणनिर्मिती. हरिचंद पेंटर बाळापूरहून येणार होता, आला नाही. देव परीक्षा पाहतो. मीच भिंतीवर हत्ती काढला. लेकरं ओरडली, "म्हैस! म्हैस!" अंजली जवळ येऊन नीट बघून म्हणाली, "गाभण हाय." शिवकन्या पदर तोंडाला लावून बाहेर गेली.
चित्राखाली ठळक अक्षरांत 'हत्ती' लिहिलं. एकालाही वाचता आलं नाही. दर्जा म्हणतात तो हाच.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पटाचं काम. प्रत्यक्ष येणारी एकोणीस लेकरं आहेत. अठरा होती, त्यात मी एक मिळवलं. शालूबाईचा देविदास. तिला शिक्षणाचं महत्त्व अर्धा तास सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, इतकं चांगलं हाय तर तुमचा नातू काहून टाय लावून बाळापूरला जाऊन राहिला? मूग निवडायला आमचीच लेकरं व्हय?"
मी म्हणालो, तो माझ्या मुलाचा, बजरंगचा हट्ट. बजरंगचा हट्ट नव्हता, माझा होता. पण बापाचं ओझं मुलाने उचललं तर त्याला पुण्यच लागतं. बजरंगला हे सांगायची गरज नाही.
तरी तिने लेकरू पाठवलं. आता विसावं. सोमेश्वरचं नाव मागच्या वर्षापासून पटावर आहेच. शिवकन्या ते काढणार होती. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "नाव राहू द्या, काका, पण मी हजेरी लावनार न्हाई. रोज गैरहजरच लिहीन." म्हणालो, लिही. मॅडम पट पाहतील, हजेरी कोण पाहतं!
पट वीस. संकल्पाला यश.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
रंगीत तालीम. ताटं कपाटावर ठेवायला लावली. माझ्या खुणेवर सगळ्यांनी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायचं आणि ओठांवर बोट ठेवून बसायचं. सोमेश्वरच्या शाळेत असंच असतं. अर्ध्या तासात जमलं. खोली देवळासारखी शांत. शिवकन्या म्हणाली, "काका, लेकरं भिऊन राहिलीत." तिला दर्जाचा अनुभव नाही.
अंजलीला शेवटच्या रांगेत, खांबाआड.

१ डिसेंबर, सोमवार. एकादशी
क्रमाने लिहितो.
मॅडम बाराला आल्या. लेकरांनी भरदुपारी गुड मॉर्निंग म्हटलं. बोटं ओठांवर. मॅडमनी नावं विचारली. कोणी बोट काढेना. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. म्हणाल्या, "म्हैस छान आहे."
शिवकन्याला विचारलं, रोज काय घेता? तिने कपाटावरून ताटं काढली. एकदम कलकलाट! तूर इकडे, मूग तिकडे, कोणाची किती यावर भांडण, आणि भांडता भांडता सगळे मोजायला लागले. ताटातलं, तेही न चुकता. मॅडम खाली मांडी घालून बसल्या.
मग नेमकं खांबाआड पाहिलं. "तू गं? आज कोण कोण आलं नाही?"
अंजलीने मोजलं नाही. नुसती मान फिरवली, मेंढरांवरून फिरवतात तशी. "देविदास न्हाई, त्याला ताप हाय. अन् अध्यक्षाचा सोम्या न्हाई. त्यो कवाच येत न्हाई."
मॅडमनी हजेरी काढली. वीसपैकी दोन गैरहजर. देविदास आज, सोमेश्वर वर्षभर. "अध्यक्ष, कुठे असतो तुमचा नातू?"
मी म्हणालो, मामाच्या गावाला.
एकादशीचं खोटं. उपवासाला काय काय चालतं याच्या यादीत हे नाही.
तेवढ्यात हॉर्न. किसनसिंगची शाळेची व्हॅन रोज अंगणवाडीसमोरच थांबते, हे महिनाभरात माझ्या लक्षात आलं नव्हतं. सोमेश्वर टायसकट उतरला, "आबा!" ओरडत आत आला आणि अंजलीच्या ताटाशी बसला. वन, टू, थ्री सुरू केलं. तिने त्याचा हात धरला. "गप रे. आधी येगळं कर."
मॅडम म्हणाल्या, "मामाचं गाव बरंच जवळ आहे."
भेटीच्या वहीत त्यांनी लिहिलं: सेविकेचं काम उत्तम. अंगणवाडी इथेच ठेवावी, मात्र विसावं लेकरू आठ दिवसांत प्रत्यक्ष बसलेलं दिसावं. समितीच्या अध्यक्षांनी शिकवण्याच्या वेळेत आत येऊ नये.
पदाचा वेगळा उल्लेख झाला. भुजंगही सदस्य आहे, त्याचा नाही.
संध्याकाळी देवापुढे बसलो. 'बुद्धी मंद' हा शेरा खोडला. खोडल्यावर त्या ओळीत कोणाचं नाव बसतं ते कळलं. लिहिलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार
साडेपाचला उठलो. झोपच नव्हती.
व्हॅनवाल्या किसनसिंगला सांगितलं, उद्यापासून सोमेश्वरसाठी हॉर्न वाजवू नकोस. सून सीमा म्हणाली, "मामंजी, मी वरसापासून हेच म्हणून राहिले." या वहीत तशी नोंद नाही.
सोमेश्वरने टाय काढून माझ्या खिशात कोंबला आणि माझा हात सोडून अंगणवाडीत पळाला. मी उंबऱ्यावर बसलो. उंबरा म्हणजे आत नव्हे. देविदासही आला होता, ताप उतरलेला. शिवकन्याने अंजलीला विचारलं, बघ गं, आले का सगळे?
अंजलीने मान फिरवली. एकदा आत, एकदा उंबऱ्याकडे.
"सगळे आले. एक म्हातारा जास्त हाय."