वाढवायच्या बांगड्या

काष्टी, १९९६

तीर्थरूप दादा,

घर टाकून गेलेल्या बापाला नमस्कार लिहवत नाही. पत्ताही ठाऊक नाही, तरी लिहितेय.

आईच्या हृदयाची झडप आकसलीय. पुण्याचे डॉक्टर आत फुगा घालून ती उघडणार होते. जांघेतली नस वाकडी निघाली, म्हणून हाताच्या नसेतून जायचं ठरलं. सुजलेल्या हातातून बांगड्या निघेनात. केरळची नर्स म्हणाली, "बांगड्या फोडा." "वाढवा" म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?

"माजा नवरा जित्ता हाय," म्हणत आई उठली ती थेट एसटीत बसली. आता ऐकतच नाही.

तुम्ही वारलात असं खोटं सांगितलं तर बांगड्या उतरतील. पण मग ती फुगा कशाला घालून घेईल?

अजून तुमचंच नाव लावणारी,
सिंधू