रंगकामाचं निमित्त

ता. ५ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. तुझ्या समोरचं घर भाड्याने द्यायला म्हणून कर्ज काढून घेतलं, ते आता पेलत नाही. माझा पगार कापलाय. बँकेने मुदत वाढवून दिली, तरी हप्ता भाड्याहून मोठाच. भाडं वाढवावं तर भाडेकरू ड्रायव्हरला झेपणार नाही. आम्हीच तिथे राहायला यावं, तर तुझ्या नातसुनेची नोकरी इथे. हप्ते थकले की बँक लिलाव करेल. भाडेकरूसकट विकलं तर भाव पडतो. एक गिऱ्हाईक आहे, पण त्याला घर रिकामं हवंय. ड्रायव्हरला घर सोडायला तू सांगशील का? माझी जीभ उचलत नाही.

तुझा,
गोट्या

ता. १४ जून

चि. गोट्यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

किती दिवसांनी तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय. माझी शाळा चौथीत सुटली, पण माझं वाचता तरी येतं.

आता एवढंसं तोंड करून बसू नकोस, काम फत्ते झालं. ड्रायव्हरची बायको दारात पोरीचे केस विंचरत होती. ती पोरगी चालायला शिकली तीच त्यांच्या उंबऱ्यापासून माझ्या उंबऱ्यापर्यंत. दिवसभर दोन्ही दारं सताड उघडी. मला ए म्हातारे म्हणते, बापाने शिकवलंय मेल्याने. तर काय सांगत होते, हां. घर सोडा म्हणायला गेले, आणि तोंडून निघालं की नातू घराला रंग काढणार आहे, पंधरा दिवस माहेरी जाऊन या. बिचारी एका शब्दात तयार झाली. काल दोन बॅगा घेऊन गेली सगळी. किल्ली माझ्याकडे. ना रडारड, ना भांडण. आहे की नाही म्हातारीला अक्कल?

नातसुनेला म्हणावं, जेवण टाळू नकोस.

तुझीच,
आजी

ता. २२ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

हे काय करून बसलीस? त्यांचं कपाट, भांडी, अंथरुणं सगळं आत आहे. परत येतील तेव्हा दाराला दुसऱ्याचं कुलूप असेल. मी सांगायला सांगितलं होतं, फसवायला नाही. पण तुला कुठल्या तोंडाने बोलू? पुढच्या आठवड्यात सही आहे. मला रजा मिळत नाही. एकदा जाऊन खरं सांगून ये. डिपॉझिट तुझ्याकडे पाठवतो, तूच देऊन टाक.

तुझा,
गोट्या

ता. १ जुलै

चि. गोट्यास आशीर्वाद.

जाऊन आले. बसमधून भलतीकडेच उतरले, मग विचारत विचारत चालले. पायांचं सांगत नाही. ड्रायव्हरच्या बायकोच्या आईची एकच खोली. त्यात शिलाई मशीन, शिवायच्या कपड्यांचा ढीग, आणि आता ही तिघं. पोरगी धावत येऊन पायाला चिकटली.

मी खाली बघून सगळं सांगितलं. पोरीच्या आईने आधी पाणी दिलं. म्हणाली, तिला ठाऊकच होतं. तुझा मित्र म्हणून तुझं ते गिऱ्हाईक घर बघून गेलं ना, ते नळ सोडून बघत होतं, भिंती ठोकत होतं. पाहुणा असं करत नाही, एवढं तिला कळतं. मग गप्प का राहिलीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, रंगाचं सांगताना मी पदराचं टोक पिळत होते, ते तिला बघवेना. म्हणून तिने हसत बॅगा भरल्या. सामान न्यायला तिथे जागा नाही. ड्रायव्हर गाडी लावली की खोली शोधत फिरतो.

आणि मी तुला अक्कल सांगत होते.

घर वीक. दुसरी वाट नाही, ते मला कळतं. पण डिपॉझिट माझ्याकडे पाठवू नकोस, आलं तर परत करीन. रजा नसली तर खाडा कर आणि ये. माझ्याकडे नंतर. आधी तिच्या आईच्या दारात जा, पैसे तिच्या हातात दे, आणि ती पाणी देईल ते खाली बसून पी.

माया होती तेवढीच आहे.

आजी