पडवळ धरलं आणि मी परतलो

राजोडी, सोमवार सकाळ

ती. रामूदादांना,

हिरामणचा, गुडघे साथ देतील तेवढा वाकून नमस्कार. तुमचा मोतीबिंदू निघाल्याचं कळलं. आता गोखिवऱ्यातली कारखान्यांची धुरांडीसुद्धा स्वच्छ दिसत असतील, म्हणजे ऑपरेशनचा थोडा तोटाच झाला. वहिनींचा खोकला उतरला असेल. इकडे तुमची बहीण यशोदा खुशाल आहे. मीही खुशाल आहे असं सगळ्यांना सांगतो.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, डेट्रॉइट कसं वाटलं, आणि मी "बरं आहे" म्हणून गप्प बसलो. कारण फोन स्पीकरवर होता आणि यशोदा शेजारीच भाकऱ्या थापत होती. घरच्या ग्रुपवर लिहावं तर अख्खं खानदान वाचतं (आणि वर अंगठे दाखवतं). म्हणून हे पत्र.

आमचा स्वरूप आणि सूनबाई हेमाली तिथे शहराच्या अगदी मध्यात राहतात. जाण्याआधी मला सगळ्यांनी घाबरवलं होतं की ते ओसाड शहर आहे, मोटारींचे कारखाने गेले, माणसं गेली, आता नुसती पडकी घरं. तसं ते एके काळी होतंही म्हणे. पण आम्ही उतरलो तेव्हा जुन्या इमारती घासूनपुसून नव्या नवरीसारख्या उभ्या होत्या, रस्त्यावर टेबलं मांडून लोक जेवत होते आणि नदीकाठी पोरं सायकली पळवत होती. नदीच्या पलीकडे कॅनडा. आपल्याला खाडीच्या काठावरून पलीकडचं भाईंदर दिसतं ना, तसा अख्खा देश दिसतो.

तिथे डोक्यावरून जाणारी एक चिमुकली गाडी आहे. तिकीट नाही, फाटक नाही, गर्दी तर नाहीच. मी एकटाच बसलो आणि ठरवलं की शेवटच्या स्टेशनला उतरायचं. शेवटचं स्टेशन काही येईना. तीच काचेची इमारत परत, तोच पुतळा परत. ही गाडी नुसती गोल फिरते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! शेवटी एका बाईंनी हाताला धरून उतरवलं. दादा, खरं सांगतो, मला कळल्यावरही मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठेच पोचायचं नव्हतं.

मग शनिवारच्या बाजारात ॲंजेलाबाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, काळ्यासावळ्या, उंच, टोपीत फूल खोचलेल्या. पालेभाजीच्या जुड्या विकत होत्या, पण जुड्या अशा बांधलेल्या की माझी आई बघती तर रडती. मला राहवेना. मी पुढे होऊन एक सोडली आणि आपल्या वाडवळी पद्धतीने बांधून दाखवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जुडीकडे बघितलं आणि सगळी टोपलीच पुढे सरकवली. बाजार उठला तेव्हा त्यांनी गाडीचं दार उघडलं, मीही बसलो. (हेमाली तोवर भाजीच्या दुकानांतून "बाबा, बाबा" करत फिरत होती. पोलिसांना फोन करायच्या आत मी सापडलो, एवढं पुरे.)

बाईंची बाग म्हणजे एका गल्लीतली मोकळी जागा. पूर्वी तिथे घरं होती. ती पडली, मालक गेले, मग बाईंनी विटा उचलून माती केली. मी ती माती हातात घेतली आणि बोटांनी चोळून बघितली. आपल्याकडे वाडी बुजवून इमारत करतात, दादा. आमच्या शेजारच्या मोगऱ्याच्या वाडीचं आता रिसॉर्ट झालं, तिथे फवाऱ्याखाली पावसाचा खोटा नाच चालतो, शनिवारी कानांवर हात ठेवून बसावं लागतं. आणि तिथे इमारत पडली तर बाई वांगी लावतात.

बाई मला "हनी, हनी" म्हणायच्या. हनी म्हणजे मध, एवढं इंग्रजी मला येतं. म्हटलं, बिचारीला मध हवा असेल. दुसऱ्या दिवशी मोठी बाटली घेऊन गेलो. बाई हसता हसता पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या. मग स्वरूपने घरी मला अर्थ सांगितला, तोही यशोदेसमोर. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

कुंपणाकडेची पट्टी त्यांनी मला दिली. एका बांगलादेशी माणसाच्या दुकानात पडवळाचं बी मिळालं. जुन्या पाइपांचा मांडव घातला. वेल चढला, फुलला, पडवळं धरली. ती सरळ वाढावीत म्हणून मी त्यांच्या टोकांना खडे बांधत होतो, तर शेजारचा मार्क बराच वेळ बघत राहिला आणि हळूच बाईंना विचारून गेला, की ह्या गृहस्थांची तब्येत ठीक आहे ना.

आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या धाकट्या भावाचा फोन. त्याच्या भूपेशचा साखरपुडा ठरला, तुम्ही मोठे काका, तुमच्याशिवाय नाही. तिकिटं बदलली. निघायच्या आदल्या दिवशी स्वरूपला घेऊन बागेत गेलो. बाई बराच वेळ गवत उपटत राहिल्या. मग म्हणाल्या (स्वरूपने सांगितलं तसं लिहितो), "इथून खूप लोक गेले, हनी. सगळे म्हणाले, परत येतो. मी तेवढी राहिले."

मी म्हणालो, "मी खरंच येतो."

त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "हे दगड कधी सोडायचे?" मी हाताने लांबी दाखवली.

इथे पोचलो तर साखरपुडाच नाही! हॉलवरून दोन्ही घरांची जुंपली, तेव्हा भूपेश आणि त्याची खुशी गुरुवारी कोर्टात लग्न लावून मनालीला निघून गेले. आता तिथून फोटो पाठवतात. मी अंगठा दाखवतो. पण दुपारी पडलो की मनात येतं, आपण अजून थोडे दिवस राहिलो असतो तर त्या वेलाचं एक तरी पडवळ स्वतःच्या हाताने उतरवलं असतं. तेवढंच राहिलं, दादा.

तुमचा,
हिरामण

ता.क. गोखिवऱ्याला येईन म्हणतो, पण रिक्षाने कंबर धरते. तुम्हीच या.

आणखी एक ता.क. खरं काम हे. स्वरूप पुढच्या चैत्रात पुन्हा बोलावतो आहे. मी तयार आहे, पण यशोदा ऐकत नाही. कधी गुडघे म्हणते, कधी थंडी. मला वाटतं, अजून ती मधाची बाटलीच आडवी येते आहे. ती फक्त तुमचं ऐकते. समजवा तिला.

दादा, मी यशोदा. पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली दोन ओळी. बाटलीबिटली काही नाही, ॲंजेलाबाई माझ्याशीही चांगल्या होत्या. शहर आता चांगलं चालायला लागलं ना, तर त्या जागेवर नवी इमारत येते आहे. मांडव काढलासुद्धा. स्वरूपने मला सांगितलं, ह्यांना सांगायला त्याची जीभ रेटत नाही आणि माझीही नाही. हे पुरुषांत तुमचंच ऐकतात. रविवारी या आणि तुम्हीच सांगा. पण आल्या आल्या नको. आधी दोघं पोटभर जेवून घ्या.